ग्रंथोक्त औषधांचे विपणन : काही मूलभूत विचार

'विपणन' हा शब्द वैद्यांच्या सभेत उच्चारला की अनेकांच्या कपाळावर आठी उमटते. औषध गुणकारी असेल तर रुग्ण आपोआप येईल, त्यासाठी बाजाराचे शास्त्र कशाला, असा समज आपल्यात रूढ आहे. दुसरीकडे, निष्ठेने औषधे बनविणारे लहान निर्माते उधारी व सवलतींच्या ओझ्याखाली वाकलेले आपण पाहतो. प्रस्तुत लेखकही त्यातून गेलेला आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात आधी रोगाची परीक्षा, नंतर औषधाची आणि मग कर्म असा क्रम सांगितला आहे. विपणनाचा क्रमही याहून निराळा नाही. जेरोम मॅकार्थी या अमेरिकी प्राध्यापकाने 1960 साली आपल्या पाठ्यपुस्तकात वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी ही चार अंगे मांडली. व्यवस्थापनाचे विद्यार्थी आजही ती शिकतात. परंतु ही चारही अंगे म्हणजे चिकित्सा होय. तत्पूर्वी आपला ग्राहक कोण, याचे निदान व्हावे लागते. आणि आपले घोडे नेमके तेथेच पेंड खाते.

महारास्नादि काढ्याची एक बाटली घ्या. चिठ्ठीवर ती वैद्य लिहितो, दुकानदार देतो आणि पैसे रुग्ण मोजतो. वैद्याला गुण हवा, दुकानदाराला नफा व न खपलेला माल परत घेण्याची हमी हवी, रुग्णाला परवडणारी किंमत हवी. चिठ्ठीवर निर्मात्याचे नाव नसेल तर कोणाची बाटली द्यायची हे दुकानदारच ठरवितो. याउलट दंतमंजन किंवा बाम घेताना कोणी चिठ्ठी आणत नाही. घरातील माणूस स्वतः नाव घेऊन मागतो. केशव विष्णु पेंढरकर यांनी 1952 साली मुंबईत सुरू केलेल्या विकोने हा दुसरा मार्ग धरला आणि चित्रपटगृहे व दूरदर्शन यांवरील जाहिरातींतून थेट घराघरांत प्रवेश मिळविला. हिमालय कंपनीचे लिव्ह 52 हे 1955 साली आलेले औषध मात्र प्रामुख्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीतून वाढले. दोन्ही मार्ग खरे आहेत. परंतु तुटपुंज्या भांडवलाचा निर्माता दोहोंवर एकेक पाय ठेवू लागला की एकही वाट पुरी चालून होत नाही.

ग्रंथोक्त कल्पांची अडचण आणखी एक. चंद्रप्रभा, त्रिफळा गुग्गुळ, दशमूलारिष्ट ही नावे सर्वांची आहेत. त्यांवर कोणाचाही एकाधिकार नाही. स्वतंत्र नावाच्या योगांचे तसे नसते. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या नावांचा वाद 1962 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन्ही नावे समग्रतः भ्रम निर्माण करण्याइतकी सारखी आहेत, असे न्यायालयाने मानले. तथापि दुसरे नाव उत्तर प्रदेशात दीर्घकाळ उघडपणे वापरात असल्याने तेवढ्या प्रदेशापुरती त्याची नोंदणी मान्य झाली. योगाचे नाव ठरविताना हा निकाल अवश्य ध्यानी घ्यावा.

नाव सर्वांचेच असले की स्पर्धेसाठी किंमत तेवढी उरते, असे आपण गृहीत धरतो आणि 'दहावर दोन मोफत' ही योजना जाहीर करतो. तिचा हिशेब मांडून पाहू. कर सोयीसाठी बाजूला ठेवू. समजा, दुकानदाराला बाटली 70 रुपयांस देतो आणि तिचा उत्पादनखर्च 45 रुपये आहे. एका बाटलीमागे 25 रुपये उरतात. योजनेत 12 बाटल्यांचे 700 रुपये येतात, म्हणजे बाटलीमागे 58 रुपये 33 पैसे. खर्च वजा जाता हाती 13 रुपये 33 पैसे. सवलत पावणेसतरा टक्क्यांच्याही आतली, परंतु नफा जवळजवळ निम्मा गेला! पूर्वी 100 बाटल्यांत जे मिळत होते त्यासाठी आता 188 बाटल्या बनवाव्या, भराव्या आणि पोहोचवाव्या लागतील. त्यात तीन महिन्यांची उधारी आली की बारा टक्के वार्षिक व्याजाने आणखी पावणेदोन रुपये जातात. हा कागद आमच्या कार्यशाळेत मी प्रथम मांडला तेव्हा आमची योजना चौथ्या वर्षात होती. खप वाढल्याचा आनंद आम्ही तीन वर्षे साजरा केला होता.

मग वेगळेपण कोठे शोधावे? ते वैद्याला दिसेल, पडताळता येईल असे असावे. दशमुळाचेच पाहा. बृहत्पंचमुळातील बिल्व, श्योनाक इत्यादींच्या मुळाऐवजी खोडाची साल बाजारात सर्रास येते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. जो निर्माता खरोखर मूळ वापरतो, त्याने ते गुप्त का ठेवावे? कच्च्या द्रव्याचा नमुना घेऊन तो वैद्याकडे गेला, तर त्या दहा मिनिटांची सर रंगीत पत्रकाला येणार नाही. शार्ङ्गधराने चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे म्हटले आहे. आजच्या नियमांत त्याला याहून बरीच दीर्घ मुदत मिळते. दूरच्या गोदामांतून माल फिरविणाऱ्या मोठ्या कंपनीला ताजे चूर्ण देणे अवघड असते. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, लहान घाण्यात बनवून महिन्याभरात पोहोचविणे लहान निर्मात्याला साधते. मात्र आसवारिष्टांबाबत हा मुद्दा मांडू नये. ती जुनी झाल्याने गुणवान होतात, हे वैद्य जाणतोच.

ताजेपणाचे हे व्रत नव्वद कल्पांच्या यादीला पेलत नाही. आमची यादी तशीच लांब होती, कारण 'आमच्याकडे सर्व मिळते' यात एक प्रतिष्ठा वाटत असे. ती छाटताना घरात वाद झाले, दोन जुने विक्रेते दुरावले. त्यांपैकी एक अद्याप परतलेला नाही.

प्रसिद्धीविषयी थोडेच सांगतो. 1954 च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार असे अनेक रोग आहेत. त्यांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात गुन्हा ठरते. दुकानाच्या फलकावरील 'मधुमेहावर खात्रीशीर इलाज' ही ओळही त्यात येते.

पुढील अंकापूर्वी वाचकांनी एवढे करावे : गेल्या वर्षाची विक्रीवही काढून प्रत्येक कल्पापुढे तीन रकाने आखावेत. पहिल्यात तो कल्प कोणाच्या निर्णयाने विकला गेला ते, दुसऱ्यात योजना व उधारी वजा जाता उरलेली रक्कम आणि तिसऱ्यात परत आलेला माल लिहावा. विक्रेत्यांनीही आपल्या कपाटाचा असाच तक्ता करावा. तिसरा रकाना त्यांच्याकडे अधिक अचूक भरला जाईल.