बाळाचे आगमन आणि घराचे कर्ज

बेल्ह्याच्या बैलबाजारात जोडी घेणारा शेतकरी ती किती ओझे ओढील हे आधी पारखतो. घरासाठी कर्ज काढणाऱ्या दांपत्यानेही, विशेषतः बाळ येणार असेल तेव्हा, हप्त्याचा भार असाच पारखावयास हवा.

१० लाख रुपये ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ९ हजार रुपये पडतो. प्रसूतीच्या काळात हप्ता थांबत नाही; उत्पन्न मात्र घटू शकते. नोकरदार स्त्रीला कायद्याचा आधार आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. रजेविषयी मालकाचे पत्र अर्जासोबत जोडावे. शेतमजूर स्त्रीला अशी रजा नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे साहाय्य मातेच्या विश्रांतीसाठी व पोषणासाठी असते. ते हप्त्यासाठी धरू नये.

म्हणून एकाच्याच मिळकतीतून हप्ता भागेल एवढे कर्ज घ्यावे व सहा हप्त्यांची, म्हणजे वरील उदाहरणात ५४ हजारांची, रक्कम शिलकीत ठेवावी. पत्नी सहकर्जदार असेल तर परतफेडीची जबाबदारी तिच्यावरही येते. मालकी मात्र त्या सहीने मिळत नाही. तेव्हा खरेदीखतातही तिचे नाव घालावे.