प्रतिज्ञा म्हणावी की पाळावी?

आपली मुले शाळेत प्रतिज्ञा म्हणतात. ती १९६२ साली पैदीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगू भाषेत लिहिली. प्रतिज्ञा चांगलीच आहे. पण ती म्हणायची सक्ती असावी का?

राष्ट्रगीताबाबत असाच प्रश्न कोर्टात गेला होता. केरळात तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८५ साली शाळेने त्यांना काढले. १९८६ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावले. गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, आदराने उभे राहणे हाही मानच, असा निकाल दिला.

आम्हांला वाटते, प्रतिज्ञा जरूर म्हणावी; पण समजून, राजीखुशीने. धाकाने म्हटलेले शब्द ओठांवरच राहतात. अन् तोंडाने बंधुभाव म्हटला, पाणवठ्यावर मात्र शेजाऱ्याला दूर लोटले, तर प्रतिज्ञा पाळली कुणी?