दोष कोणाचा?

फोनवर बोलता बोलता आवाज तुटतो. पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करीत राहतो. आपण गच्चीवर जातो, खिडकीशी उभे राहतो आणि शेवटी वैतागून म्हणतो, "हा फोनच खराब आहे." पण दोष फोनचाच आहे, हे आपण कशावरून ठरवतो? टॉवर दूर असेल. घराची भिंत जाड असेल. नीट तपासणी न करता फोन दुरुस्तीला दिला, तर पैसे जातात आणि रेंज मात्र येत नाही. तपासणी कशी करावी, हे समजून घेण्यासाठी २०१० साली अमेरिकेत घडलेली एक हकिगत वाचा.

त्या वर्षी २४ जूनला ॲपल कंपनीचा 'आयफोन ४' बाजारात आला. त्याच्या चारही कडांना पोलादाची चकचकीत पट्टी होती. ती केवळ शोभेची नव्हती. तीच फोनचा अँटेना होती. टॉवरकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारा आणि फोनकडून टॉवरकडे लहरी पाठवणारा भाग म्हणजे अँटेना. जुन्या अनेक फोनना तो काडीसारखा वर आलेला असे. पुढे तो आत लपवला गेला. आयफोन ४ मध्ये तो पुन्हा बाहेर आला, पण माणसाचा हात हटकून जिथे पडतो अशा जागी!

ही पट्टी अखंड नव्हती. तिच्या तुकड्यांमध्ये बारीक फटी होत्या. त्यांपैकी एक फट डाव्या बाजूला खाली होती. फोन डाव्या हातात धरला, की तळवा नेमका त्या फटीवर येई. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते. त्यामुळे वेगळे ठेवलेले दोन तुकडे हाताने जोडले जात आणि अँटेनाचा मेळ बिघडे. मोजणी करणाऱ्यांना असे आढळले, की फोन नेहमीसारखा धरला तरी लहरींची ताकद सुमारे २० डेसिबलने घटते. २० डेसिबलने घटणे म्हणजे शंभर भागांपैकी एकच भाग उरणे. टॉवर जवळ असेल तर एवढी घट निभावून जाई. तो दूर असेल तर बोलणेच बंद पडे.

लोकांनी विचारणा सुरू केली. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी एका ग्राहकाला कळवले, की फोन तसा धरू नका. हे उत्तर मला पटत नाही. छत्री गळते म्हणून कोणी तक्रार केली, तर त्याला पावसात जाऊ नका असे सांगायचे का?

२ जुलैला कंपनीने एक पत्रक काढले. फोनच्या कोपऱ्यात रेंजच्या ज्या दांड्या दिसतात, त्या दाखवण्याचे सूत्रच चुकले आहे, असे त्यात म्हटले होते. कित्येकदा दोन दांड्या जास्त दिसत होत्या. म्हणजे रेंज मुळात कमी असली तरी दांड्या भरपूर दिसत आणि हात लागताच त्या एकदम नाहीशा होत. हे खरेच होते. पण त्याने अर्ध्याच प्रश्नाचे उत्तर मिळाले. तापमापी चुकीची आहे हे कळले, म्हणून ताप नाही असे होत नाही.

आता 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकन मासिकाने काय केले ते लक्षपूर्वक वाचा. त्यांनी एक नव्हे, तीन फोन घेतले आणि तेही तीन निरनिराळ्या दुकानांतून. असे का? एकच फोन बिघडलेला निघाला, तर तो त्या एका नगाचा दोष असू शकतो. तिन्ही फोन सारखेच वागले, तर दोष घडणीतच आहे. मग बाहेरच्या लहरी आत येऊ न देणाऱ्या खोलीत त्यांनी तपासणी केली, म्हणजे टॉवरच्या अंतराचा प्रश्न उरला नाही. त्याच खोलीत त्यांनी दुसरे काही फोनही तपासले. त्या फोनांत तशी घट दिसली नाही. १२ जुलैला मासिकाने जाहीर केले, की या फोनची शिफारस आम्हांला करता येत नाही. उपायही साधा सांगितला : त्या फटीवर जाड चिकटपट्टी लावा!

१६ जुलैला कंपनीने ग्राहकांना फोनचे कव्हर फुकट देण्याचे मान्य केले. अमेरिकेत खटलेही झाले. २०१२ साली तडजोड झाली आणि तेथील ग्राहकांना १५ डॉलर किंवा कव्हर असा पर्याय मिळाला. त्याआधीच, २०११ साली, आलेल्या 'आयफोन ४ एस' मध्ये दोन अँटेनांपैकी चांगला चालेल तो निवडण्याची सोय होती.

आता तुमच्या हातातील फोनकडे वळू. खास खोली आपल्याकडे नाही, पण ती रीत वापरता येते. आधी फोन बंद करून पुन्हा सुरू करा. कव्हर काढून पाहा. धातूचे कव्हर लहरी अडवते. घरात रेंज नसेल तर मोकळ्या जागी जा. तेथे रेंज मिळाली, तर फोनला दोष देऊ नका. मिळाली नाही, तर आपले सिम शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालून त्याच जागी उभे राहा. त्या फोनमध्येही रेंज नसेल, तर विचारणा सिमच्या कंपनीकडे करायची. त्या फोनमध्ये रेंज आली आणि तुमच्या फोनमध्ये आली नाही, तर मात्र तुमच्या फोनकडेच संशय जातो. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

'तक्रार' हा शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचा आहे. उर्दूत त्याचा अर्थ वाद किंवा हुज्जत. मराठीत मात्र 'शिकायत'. म्हणून मराठीत तक्रार करणे म्हणजे भांडणे नव्हे. हमीची मुदत शिल्लक असेल, तर फोन कोणाकडूनही उघडून घेऊ नका. पावती जपून ठेवा. अर्जात नुसते 'फोन खराब आहे' असे लिहू नका. असे लिहा : 'मोकळ्या जागी हेच सिम दुसऱ्या फोनमध्ये चालते, माझ्या फोनमध्ये चालत नाही.' दुकानदाराने किंवा कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे फोन करताना पावती आणि तपासणीचा कागद समोर ठेवा. फोन अर्थातच दुसऱ्याचा घ्यावा लागेल.