तंबाखू सोडूं इच्छिणारांस साह्य

'व्यसन सोडा' असें सांगणारे पुष्कळ. परंतु तें कसें सोडावें हें सांगणारा विरळा. प्रस्तुत लेखांत त्याच गोष्टीचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तंबाखूंत निकोटिन नांवाचें द्रव्य असतें. शरीरास त्याची संवय जडली म्हणजे तें न मिळाल्यास मनुष्य चिडखोर होतो, झोंप मोडते, कामांत चित्त लागत नाहीं. हा त्रास पहिल्या आठवड्यांत फार होतो व पुढें तीन-चार आठवड्यांत बहुधा ओसरतो. ज्यास हें ठाऊक नसतें तो तिसऱ्याच दिवशीं हार खातो आणि घरचीं माणसें त्यास कच्च्या मनाचा ठरवितात.

उपाय मात्र ज्याच्या त्याच्या संवयीस धरून असावा. २०१६-१७ सालच्या पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ लोक तंबाखू सेवन करणारे आढळले. धूम्रपान करणारे शेंकडा ३.८ च होते. तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे इत्यादि शेंकडा २४.४ होते. मग सिगारेटीसंबंधींचा उपदेश मिश्री लावणाऱ्या आजीबाईंच्या काय कामाचा? त्यांस तलफ येते ती सकाळीं दांत घासण्याच्या वेळीं; शेतकऱ्यास येते ती न्याहारीनंतर, चुन्याची डबी दिसतांच. म्हणून प्रथम तलफेच्या वेळा कागदावर मांडाव्या, सोडण्याचा दिवस ठरवावा, डबी घराबाहेर करावी. तलफ आली असतां पाणी प्यावें, बडीशेप चघळावी. कांहीं मिनिटांत ती निघून जाते.

एकट्यानें हें साधत नसल्यास दूरध्वनीचें साह्य आहे. भारत सरकारनें २०१६ सालीं दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्यें ही सोय केली. पुढें मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राची जोड मिळाल्यानें मराठींतही सल्ला मिळूं लागला. १८००-११२-३५६ या क्रमांकास पैसे पडत नाहींत. तंबाखूच्या पुड्यांवरही तो छापलेला असतो. सल्लागार आपली संवय विचारून घेतात व मार्ग सुचवितात.

पालकांस आमची विनंती कीं, मुलांस तंबाखू आणावयास धाडूं नये. अठरा वर्षांखालील मुलांस ती विकणें २००३ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. विद्यार्थ्यांनींही वडील मंडळींचा उपहास करूं नये. एकदां सोडून पुन्हां घेतली, तरी सारें फुकट गेलें असें मानूं नये. त्यांच्याजवळ बसून तो क्रमांक लावून द्यावा. शंभर बोलांपेक्षां हें साह्य मोलाचें होय.