पवनेची जलपर्णी : काढल्यावर टाकायची कुठे?

काळेवाडीजवळ पवना नदीवर उन्हाळ्यात जलपर्णी पसरते. सांडपाण्यातील नत्र-स्फुरदावर ती पोसते व पोषक हवामानात सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. २०१७ पासून वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबने नागरिकांच्या श्रमदानातून ती काढण्याची मोहीम चालविली. काम मोलाचे, पण काढलेला ढीग काठावरच राहिला तर पहिल्या पुरात तो पुन्हा नदीत!

फुले येण्यापूर्वीच जलपर्णी काढावी. तिचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. ती बारीक कापून शेणाबरोबर गोबरगॅस संयंत्रात घालता येते. न कापता घातल्यास वर तरंगून थर धरते. मात्र शेतकरी बंधूंनी एक ध्यानात घ्यावे : कारखान्यांच्या सांडपाण्यातील जड धातू ही वनस्पती शोषते आणि गॅस निघाला तरी धातू मळीतच राहतात. प्रयोगशाळेत तपासल्याखेरीज अशी मळी भाजीपाल्याला देऊ नये.