पाणी चहासारखं दिसलं की उठायचं

मने, परवा फोनवर म्हणालीस ना, "ताई, ऑस्टिनला येऊन चार महिने झाले, पण घर, ऑफिस आणि इंडियन स्टोअर, एवढंच माझं टेक्सास"? मग या शनिवारी दोघं पर्डनॅलिस फॉल्स स्टेट पार्कला जा. तासाभराचा रस्ता आहे. स्पेलिंग वाचून 'पेडर्नालेस' म्हणशील. मूळ स्पॅनिश शब्द तोच, अर्थ चकमकीचे दगड. पण इथली माणसं 'पर्डनॅलिस'च म्हणतात. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन याच नदीकाठचे, तेही तसंच म्हणायचे.

प्रवेशाचं बुकिंग आधी ऑनलाइन करून ठेव. शनिवार-रविवारी पार्क भरलं की गेटवरून परत पाठवतात. हिवाळ्यात जाणार असशील तर तारखाही तपास, काही दिवस परवाना घेतलेल्या शिकाऱ्यांसाठी पार्क बंद असतं. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हबकलेच होते.

एक मात्र आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर तिथे पोचून तोंड वाकडं करशील. 'फॉल्स' म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे ठोसेघर येणार. हा धबधबा तसा उभा कोसळत नाही. साधारण तीन हजार फुटांच्या अंतरात नदी मिळून पन्नासेक फूट उतरते, चुनखडीच्या तिरक्या पायऱ्यांवरून, एकीवरून दुसरीवर. दगड फिकट, करडा, उन्हात डोळे दिपवणारा. तीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला हा चुना. आपला सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हाचा आणि वयाने याच्यापेक्षा खूपच लहान. पण पाण्याची करणी तीच गं! निघोजला कुकडीच्या पात्रात बाबांनी रांजणखळगे दाखवले होते, आठवतात? तसे खळगे इथेही दिसले आणि मी त्या दगडावर बसून चक्क रडले. तेव्हा मलाही इथे येऊन चारच महिने झाले होते.

आता पुढचं नीट ऐक. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा पाणी घोट्याइतकं, हिरवट, नितळ. आभाळ निरभ्र. तुझे भाऊजी म्हणाले, "पश्चिमेकडे काळं दिसतंय, निघू या." मी म्हटलं, "इथे कुठे पाऊस आहे? पाच मिनिटं, एक फोटो." तेवढ्यात पाणी दुधाच्या चहासारखं झालं. मग काटक्या आणि पाला वाहत आला. आम्ही धावत वर चढलो, माझी एक सँडल खालीच राहिली. मागे वळून पाहिलं तर मी बसले होते तो दगड दिसतच नव्हता.

यात नशिबाचा काही भाग नाही, ही नदी आहेच तशी. या डोंगरांवर मातीचा थर पातळ आणि खाली खडक, त्यामुळे मोठा पाऊस झाला की मुरायला जागाच नसते. मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा इथे येऊन अडखळते आणि धो धो कोसळते. पाऊस पडतो वर कुठेतरी, पूर येतो आपल्या पायाशी, काही मिनिटांत. या भागाला 'फ्लॅश फ्लड ॲली' उगाच नाही म्हणत. ४ जुलै २०२५ च्या पहाटे शेजारच्या ग्वाडालुपे नदीला आलेल्या पुरात शंभरावर माणसं गेली, त्यात कॅम्पला आलेल्या शाळकरी मुली होत्या.

म्हणून निघण्यापूर्वी फक्त ऑस्टिनचं हवामान बघू नकोस, जॉन्सन सिटी आणि त्याच्याही पश्चिमेचं बघ. धबधब्याच्या भागात पाण्यात उतरायला मनाई आहे, तिथे कुणी उतरलेलं दिसलं तरी तू उतरू नकोस. पोहायची जागा खालच्या अंगाला आहे, पण तिथे लाइफगार्ड नसतो. सपाता घालून जाऊ नकोस, ओली चुनखडी शेवाळलेल्या न्हाणीसारखी निसरडी असते. उन्हाळ्यात सकाळी लवकर पोच आणि माणशी दोन बाटल्या पाणी ने. पोळीभाजीचा डबा ने, आत हॉटेल नाही.

मार्चनंतर गेलीस तर सीडरच्या झाडीत पिवळ्या गालांचा इवलासा वार्बलर दिसतो का बघ. टेक्सास सोडून तो दुसरीकडे कुठेही घरटं करत नाही. माझ्याही वाट्याला अजून आलेला नाही.

भीती घालायला हे लिहिलं नाही गं. जा, दगडावर पाय पसरून बस, हवं तर रडून घे. फक्त पाण्याचा रंग बदलला की फोटो, डबा, चपला, सगळं तिथेच टाकून वर चढ. आत फोनला धड रेंज नसते, तेव्हा हायवेला लागलीस की लगेच मेसेज कर. आणि सँडलचं आईला सांगू नकोस.