जुन्या पिकअप गाडीची घरगुती निगा व किरकोळ दुरुस्ती

शेतमाल वेळेवर व चांगल्या स्थितीत बाजारात पोहोचविणे हा शेतीच्या कामातील अखेरचा, परंतु अतिशय महत्त्वाचा टप्पा होय. पूर्वी हे काम बैलगाडी करीत असे; आज बहुतेक गावांत ते पिकअप गाडीकडे आले आहे. शेतकऱ्याच्या दारातील ही गाडी पुष्कळदा वापरलेली घेतलेली, आठ-दहा वर्षांची असते. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोची जाळी घेऊन निघालेली किंवा नाशिककडून कसारा घाट उतरून मुंबईस भाजीपाला नेणारी गाडी वाटेत बंद पडली, तर त्या दिवसाचा लिलाव हुकतो व नाशवंत माल उन्हात खराब होतो. घाटात ब्रेक निकामी झाले, तर प्राणावरच बेतते.

जुनी गाडी सहसा एकाएकी दगा देत नाही. पाण्याची पातळी उतरणे, तेल ठिबकणे, धुराचा रंग पालटणे, ब्रेकचे पेडल मऊ लागणे अशा खुणा ती अगोदर दाखविते. त्या ओळखण्यास मोठे यंत्रज्ञान लागत नाही. बैलगाडीच्या आसाला नेमाने वंगण देणाऱ्या शेतकऱ्यास ही निगा सहज साधण्यासारखी आहे.

आवश्यक साहित्य

पान्यांचा संच, स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, ग्रीसगन, हवेचा दाब मोजण्याचा गेज, जॅक, दोन मजबूत लाकडी ठोकळे, विजेरी व स्वच्छ सुती कापड एवढे साहित्य पुरेसे होते. गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका जपून ठेवावी. तेलाचा प्रकार, तेलाचे प्रमाण व हवेचा दाब यांविषयी पुस्तिकेतील आकडे प्रमाण मानावेत.

प्रथम सुरक्षितता

गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा व चाकांच्या पुढे-मागे दगड लावावेत. जॅकखाली फळी द्यावी, म्हणजे तो मातीत रुतत नाही. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये; चासीखाली भक्कम आधार दिल्यावरच जावे. बॅटरीजवळ बिडी अथवा काडी पेटवू नये, कारण चार्जिंगच्या वेळी तीतून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघतो.

इंजिनाचे तेल

सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी तेल मोजण्याची पट्टी काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी व पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या दरम्यान असावी. वरच्या खुणेपलीकडे तेल भरणेही हानिकारक आहे. डिझेल इंजिनाचे तेल लवकर काळे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु तेल दुधी दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. हा बहुधा हेड गॅस्केट फुटल्याचा परिणाम असतो. अशी गाडी चालवू नये.

तेल बदलताना तेलाचा फिल्टरही बदलावा. काढलेले जुने तेल शेतात, ओढ्यात अथवा विहिरीजवळ ओतू नये. ते डब्यात साठवून गॅरेजकडे द्यावे.

पाणी व रेडिएटर

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने १०० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेले असू शकते व झाकण काढताच उसळून हाता-तोंडावर येते. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरात भरल्यास आतील नळ्यांत क्षारांचा थर बसतो आणि इंजिन तापू लागते. म्हणून योग्य कूलंट व डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण वापरावे.

रेडिएटरच्या जाळीत चिकटलेला पालापाचोळा, किडे व चिखल नळीच्या हलक्या पाण्याने धुवावा. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा; बहुतेक गाड्यांत तो दोन पुलींच्या मध्यावर साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. पट्ट्यास चिरा पडल्या असल्यास तो बदलावा. वाटेत इंजिन तापल्यास गाडी थांबवून ते पूर्ण निवू द्यावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा धोका असतो.

हवा व डिझेल

शेतरस्त्यावरील धूळ हा इंजिनाचा मोठा शत्रू आहे. हवेचा कागदी फिल्टर दर आठवड्यास काढून पाहावा. धूळ झटकावी अथवा हलक्या दाबाच्या हवेने आतून बाहेर उडवावी. हा फिल्टर पाण्याने किंवा डिझेलने धुवू नये. फाटका फिल्टर तर मुळीच वापरू नये. तो बदलण्याचा खर्च थोडा असतो, पण धुळीने झिजलेले पिस्टन व लायनर बदलण्याचा खर्च मोठा येतो.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठते. पावसाळ्यात ते आठवड्यातून एकदा तळाचा स्क्रू सैल करून काढावे. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर डिझेलच्या नळ्यांत हवा शिरते व इंजिन सुरू होत नाही. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात ही हवा पुढीलप्रमाणे काढावी :

१. टाकीत पुरेसे डिझेल भरावे.
२. फिल्टरच्या डोक्यावरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा.
३. हातपंप चालवावा, प्रथम बुडबुड्यांसह फेसाळ डिझेल येईल.
४. बुडबुडे थांबून स्वच्छ डिझेल येऊ लागताच, पंप चालू असतानाच स्क्रू आवळावा.
५. सांडलेले डिझेल पुसून मगच इंजिन सुरू करावे.

कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात मात्र इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्या कधीही सैल करू नयेत. त्यांतील दाब एक हजार बारहून अधिक असू शकतो. त्या दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडीतून शरीरात शिरते व गंभीर इजा करते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांच्या डिझेल गाड्या या पद्धतीच्या असतात.

धुराचा रंगही पुष्कळ सांगतो. सतत काळा धूर येणे हे हवा अपुरी पडत असल्याचे अथवा डिझेल जास्त जात असल्याचे लक्षण आहे; प्रथम हवेचा फिल्टर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिनाचे तेल जळत आहे. इंजिन तापल्यानंतरही दाट पांढरा धूर येत राहिला व रेडिएटरातील पाणी घटत असेल, तर मिस्त्रीस दाखवावे.

ब्रेक

ब्रेकच्या बाबतीत कोणतीही चालढकल क्षम्य नाही. ब्रेक तेलाची डबी रोज पाहावी. पातळी हळूहळू उतरणे हे लायनर झिजल्याचे, तर झपाट्याने उतरणे हे गळतीचे चिन्ह आहे. या डबीत इंजिनाचे तेल किंवा अन्य खनिज तेल चुकूनही घालू नये. त्याने आतील रबरी भाग फुगतात व ब्रेक निकामी होतात. ब्रेक तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा मुरलेले तेल घाटात तापून उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल खाली जाऊनही ब्रेक लागत नाहीत. यासाठी ते साधारण दोन वर्षांनी बदलवून घ्यावे.

प्रत्येक फेरीपूर्वी दोन सोप्या चाचण्या कराव्यात. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे व दाबूनच धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर कोठेतरी गळती आहे. तसेच दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर ब्रेकला जोर देणारा बूस्टर काम करीत आहे. न गेल्यास तपासणी करवावी. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावे. गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून कदापि उतरू नये.

चाके, पाटे व हौदा

हवेचा दाब टायर गार असताना मोजावा. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी राहिल्यास टायर बदलावा. स्टेपनीतील हवा पाहण्यास विसरू नये. चाक बदलल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत व ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत.

पाट्यांच्या पिना, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस व स्टिअरिंगचे सांधे यांपैकी जेथे निपल असेल तेथे ते पुसून दरमहा ग्रीस भरावे. आतील जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे. पाटा तुटण्याचे एक प्रमुख कारण प्रमाणाबाहेर भरलेला माल हे होय. त्यानेच टायर व ब्रेकही अकाली झिजतात.

युरिया, पोटॅश यांसारखी खते वाहिल्यानंतर हौदा त्याच दिवशी पाण्याने धुऊन वाळवावा. सांडलेली खते हवेतील ओलावा ओढतात व त्या क्षारयुक्त पाण्याने पत्रा झपाट्याने गंजतो. गंजलेला भाग घासून त्यावर प्रायमर व रंग द्यावा. कीटकनाशके व खाण्याचा माल एकत्र नेऊ नये.

बॅटरी व दिवे

टोपणे असलेल्या बॅटरीत पाणी प्लेटांच्या वर साधारण १० मिलिमीटर असावे. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. टोकांवरील पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून व्हॅसलीन लावावे. तारा काढताना ऋण टोक प्रथम काढावे व जोडताना ते शेवटी जोडावे. फ्यूज उडाल्यास तितक्याच अँपिअरचा बसवावा. त्याऐवजी तार गुंडाळल्यास गाडीला आग लागण्याचा संभव असतो.

वेळापत्रक

दररोज : इंजिन तेल, पाणी, ब्रेक तेल, ब्रेकच्या चाचण्या, दिवे, गाडीखालील गळती.
दर आठवड्यास : हवेचा फिल्टर, टायरचा दाब, बॅटरी, पट्टा, डिझेलमधील पाणी.
दरमहा : ग्रीस, चाकांचे नट, पाटे, रबरी नळ्या, हौद्यावरील गंज.
पुस्तिकेप्रमाणे : तेले, फिल्टर व कूलंट बदलणे.

ब्रेकचे सिलिंडर, स्टिअरिंग, इंजेक्टर, डिझेल पंप, क्लच व गिअरबॉक्स उघडण्याची कामे जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्यावीत. गाडीत एक वही ठेवून प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटरचा आकडा व खर्च त्यात लिहावा. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. त्या तपासणीच्या तयारीसही ही वही उपयोगी पडते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील गाडीमालकांना एकत्र बोलवावे व स्थानिक मिस्त्रीच्या साहाय्याने तेल पाहणे, डिझेलमधील हवा काढणे व ब्रेकच्या दोन्ही चाचण्या प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. वरील वेळापत्रक प्रत्येकाने उतरवून घेऊन गाडीच्या दारावर आतील बाजूस चिकटवावे. रोजच्या पाहणीस दहा मिनिटे लागतात. एवढा वेळ दिल्यास माल वेळेवर बाजारात पोहोचेल व चालक सुखरूप घरी परतेल.